मधला खांब

दौंडला मालधक्क्याच्या मागं आबा डेंटरांची शेड होती, आणि त्या शेडमध्ये बसायला काहीही नव्हतं. बाकडं नाही, स्टूल नाही, उलटा घातलेला डबासुद्धा नाही. मोटार दुरुस्तीला आणणाऱ्यानं उभं राहून कंटाळावं आणि निघून जावं, अशी ती व्यवस्था होती. एकदा एक व्यापारी दमून मोटारीतून काढून ठेवलेल्या सीटवर टेकला, तर आबांनी ती सीट त्याच्याखालून ओढून घेतली आणि भिंतीला उभी केली. व्यापारी धुळीत बसला. आबांनी त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही, ते मडगार्ड ठोकत राहिले.

मला हा माणूस कधी आवडला नाही. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात, पण मरणानं कुणाची जीभ गोड झाल्याचं मी ऐकलेलं नाही, आणि आबांपायी माझा संसार मोडायची वेळ आली होती. तेव्हा जे सांगायचं ते रागासकट सांगतो. त्या काळात दौंडात ज्यांनी मोटारी ठोकून घेतल्या असतील त्यांना यात फारसं नवल वाटणार नाही.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोनतीन पावसाळे झाले होते. शिरूरच्या स्टँडवर माझी जुनी अँबॅसडर टॅक्सी उभी असायची. शिरूरला रेल्वे नाही. कुणाला सोलापूरकडची गाडी धरायची असली की दौंड गाठावं लागायचं, आणि त्या लोकांवर माझं पोट होतं. रोज दौंडला जायचं म्हटल्यावर आबांची गाठ टळत नव्हती. दरवाजा चेपला, बॉनेटला पोचा आला, की त्यांच्याच दारात जावं लागे. त्यांच्याइतका पत्रा दुसऱ्या कुणाला वळत नसे, हे त्यांना माहीत होतं आणि दुर्दैवानं मलाही माहीत होतं.

आबा मोटारीशी बोलत, मालकाशी नाही. मोटार आली की भोवती एक फेरी मारायची, बोटाच्या मागच्या हाडानं जागोजाग ठोकून आवाज ऐकायचा आणि मोटारीलाच सांगायचं, ‘तुला दोनदा आपटलीया व्हय गं.’ मालक बाजूला चोरासारखा उभा. पत्र्याखाली लांबी लागली की त्यांचं तोंड कडू व्हायचं. लांबी म्हणजे रंगाआधी खड्डे बुजवायला फासतात तो लगदा. नीट न ठोकता लांबीवर काम उरकणाऱ्या डेंटरांना ते सारवणारे म्हणत. ‘सारवायला घरी बायका हाईत की,’ असं एका डेंटरला त्याच्या गिऱ्हाइकासमोर सुनावलेलं मी ऐकलंय. बाजारात कलिंगडावरही ते तसंच बोट वाजवत. ‘कच्चं हाय, आन् तुला ठावं हाय,’ असं विकणाऱ्याला सांगून, न घेताच पुढं जात.

त्यांचं प्रेम होतं ते फक्त रेल्वेच्या लोखंडावर. वडील लोको शेडमध्ये खलाशी, म्हणजे इंजिनांच्या कामावरचे मदतनीस, होते. आबांनाही रेल्वेत चिकटायचं होतं, पण तपासणीत डोळ्याचा काही दोष निघाला म्हणे. रेल्वेनं त्यांना घेतलं नाही, पण त्यांनी काही रेल्वे सोडली नाही. ऐरण म्हणून रुळाचा तुकडा, दाराला आडणा म्हणून कुठली तरी जुनी सळई, आणि भंगारवाल्याकडं वॅगनचा पत्रा आला की सगळ्यांच्या आधी आबा हजर. दौंडात ही श्रद्धा एकट्या आबांची नव्हती. तिथं चुलीवरचं तिकाटणं असो की विळ्याचं पातं, ‘रेल्वेचं हाय’ म्हटलं की बोलणं संपलं. ‘आख्खी आगगाडी पेलतंय,’ आबा म्हणायचे, ‘तुझ्या मोटारीचं काय घिऊन बसलास.’

एकदा दौंड स्टँडवर उलटा मागं येणाऱ्या ट्रकनं माझ्या टॅक्सीचा उजवा मधला खांब चेपला. मधला खांब म्हणजे पुढच्या आणि मागच्या दरवाजामधला. छपराचा भार त्याच्यावर, मागच्या दरवाजाच्या बिजागऱ्या त्याच्यावर. आबांनी चेपलेला भाग कापून काढला, आतून वॅगनच्या जाड पत्र्याचा पट्टा घातला, गॅसनं सांधून वरून इतकं साफ घासलं की कुठं जोडलंय ते मला सापडेना. ‘आता हत्ती धडकू दी,’ एवढंच म्हणाले आणि दुसऱ्या मोटारीकडं वळले. मग शिरूरपासून दौंडपर्यंत प्रत्येक पॅसेंजरला मीच त्या खांबावर थाप मारून सांगायचो की आत रेल्वेचा पत्रा आहे, निर्धास्त बसा.

पुढच्या वर्षी गुऱ्हाळं चालू असतानाची गोष्ट. माझा मेव्हणा बाळू याला सोलापूरची गाडी धरायची होती. माझं लग्न नुकतंच झालेलं, अंगाची हळद उतरली नव्हती, आणि बायकोचा हा एकुलता एक भाऊ. मी मोठ्या मानानं त्याला मागच्या सीटवर, माझ्या पाठीशी बसवला. न्हावरे गावाच्या पुढं उजवीकडच्या शेतरस्त्याच्या उतारावरून ऊस भरलेली बैलगाडी येत होती. गाडीवानाला ती आवरेना. मी ते पाहिलं आणि मोटार जागेवर उभी केली. बैल अगदी शेवटच्या घटकेला वळले आणि जुवाचं टोक मधल्या खांबावर बसलं. दणका काही फार मोठा नव्हता. पण खांब काडकन मोडला, आत घुसला आणि बाळूच्या उजव्या दंडाचं हाड खांद्याजवळ मोडून गेला. त्याच्या पुढंच बसलेल्या मला ओरखडासुद्धा आला नाही.

तो ओरखडा न येणंच मला भोवलं. माझे सासरे आप्पा कवठे येमाईचे. त्यांचे वाडवडील मेंढरांमागं हिंडले, आप्पांनी जमीन कसली आणि गावात स्थिर झाले, पण वळण तेच, एकदा काठी आडवी घातली की कळप पुढं जायचा नाही. त्यांनी भावकीसमोर मला एकच प्रश्न विचारला. ‘बैलगाडीनं मोटार मोडती व्हय?’ मलाही ते नवलच वाटत होतं. मग ज्याला जे सुचेल ते तो बोलू लागला. जावई पिऊन होता, जावयानं भरधाव नेऊन बैलगाडीवर घातली, मोटारीची मस्ती आलीय. भावाला बघायला माहेरी गेलेली माझी बायको, हौसा, तिला आप्पांनी ठेवून घेतलं. ती बोलली असेल नसेल, तिला विचारतो कोण.

मी म्हणालो, चला देवळात, येमाईसमोर बेलभंडारा उचलतो. आमच्यात याच्या पुढं शपथ नाही. आप्पा उठलेसुद्धा नाहीत. ‘देवीला तुझ्या खोट्यात वढू नगंस,’ म्हणाले. लोक हसले नाहीत, हसले असते तर बरं झालं असतं. मी कवठ्याहून रिकाम्या हातानं परतलो. बायको घरी येणार की नाही याचा फैसला आता त्या एका प्रश्नावर अडकला होता, आणि तो प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना.

मोटार ओढून दौंडला आबांच्या शेडमध्ये नेली. नेहमीप्रमाणं त्यांनी फेरी मारली, पण मोटारीशी एक शब्द बोलले नाहीत. मोडलेल्या खांबावर एकदा बोट वाजवलं आणि थांबले. मग छन्नी घेऊन खांब वरून खालून तोडला, तुकडा उन्हात नेला, उलटासुलटा करून पाहिला, आणि तिथंच जमिनीवर बसले. शेडमध्ये तीनचार ड्रायव्हर होते. आबांना बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं, म्हणून सगळे जवळ आले.

‘ह्यो सांधा माझा हाय,’ आबा म्हणाले. ‘वॅगनचा जाड पत्रा तापस्तवर मोटारीचा पातळ जळून गेला. कडंला निस्ता पापुद्रा ऱ्हायला व्हता. वरनं म्या घासून झ्याक केला. बैलाचा दोष न्हाई, डायवरचा न्हाई. माझा हाय.’

त्यांनी तो तुकडा आमच्यापुढं धरला. वॅगनच्या पत्र्याचा पट्टा जसाच्या तसा होता, त्याला पोचासुद्धा नव्हता. तो दबला नाही, म्हणून सगळा मार कडेच्या जळक्या पत्र्यावर गेला आणि खांब तिथंच फाटला. रेल्वेचा पत्रा आत नसता, साधा मोटारीच्या जाडीचा असता, तर खांब वाकून राहिला असता आणि बाळूचा दंड नुसता काळानिळा झाला असता. एवढं कळायला मलाही वेळ लागला नाही. ज्या खांबावर थापा मारून मी लोकांना निर्धास्त करत होतो, त्यानंच माझ्या घरात आग लावली होती.

मी आबांची गचांडी धरली. मला ते माझ्या बापाच्या वयाचे आहेत वगैरे काही आठवलं नाही. त्यांनी हात वर केला नाही, मान फिरवली नाही. ‘मारा की,’ म्हणाले. ‘पर आदी खांब बसवू द्या, मंग मारा.’

तोवर ते मला अरे-तुरे करत. त्या दिवसापासून अहो-जाहो सुरू झालं, आणि खरं सांगतो, त्याचा मला जास्तच संताप यायचा. माणसाचा हात गेला, बायको माहेरी बसली, आणि हे म्हातारं मला मान देतंय. मी गचांडी सोडली ती दया येऊन नव्हे. मोटार दुसरीकडं न्यावी म्हटलं, तर दौंडातले झाडून सगळे डेंटर आबांचं बघून रेल्वेचाच पत्रा घालत होते.

खांब आणायला आबा स्वतः पुण्याला गेले. मोडीत काढलेल्या एका अँबॅसडरचा खांब त्यांनी वरच्या छपराच्या आणि खालच्या उंबऱ्याच्या पट्टीसकट कापून आणला, म्हणजे सांधा खांबाच्या पोटात न येता वर आणि खाली येईल. चांगल्या बाजूच्या दारांच्या चौकटीत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोरी ताणून गाठी मारल्या आणि तीच दोरी मोडक्या बाजूला लावून खांब उभा केला. आधी दोन्ही दरवाजे टांगले, बंद करून पाहिले, कडेची फट वरपासून खालपर्यंत सारखी दिसेस्तोवर खांब हलवत राहिले. मगच गॅस पेटवला. एकदम ओढून सांधायचं नाही. इथं एक टाका, मग दूर तिथं एक टाका, बाजूनं ओली पोती, आणि पत्रा हाताला सोसेल इतका निवल्याशिवाय पुढचा टाका नाही. सांध्याच्या आत पट्टी घातली ती त्याच मोडीतल्या मोटारीची. रेल्वेच्या पत्र्याचे तुकडे त्यांनी शेडच्या बाहेर भिरकावून दिले होते.

मी हवालदारासारखा उभा राहायचो. चहा आला तर ते आपला कप घेऊन बाहेर जात, मी आत पीत असे. प्रत्येक सांधा झाला की मात्र ते बाजूला होत आणि मला म्हणत, ‘आत हात घाला.’ मी हात घालून सांध्याची आतली कड चाचपून बघायचो. मला त्यातलं काय कळणार होतं? पण मी मुद्दाम वेळ लावायचो, कपाळाला आठ्या घालायचो, आणि ते तोवर उभे राहायचे.

मोटार तयार झाली. दरवाजा असा बसला की नुसता ढकलला तरी लागत होता. मी आभार मानले नाहीत. मोटार शिरूरला आणली आणि स्टँडवर लावली, पण घरी चूल पेटत नव्हती. एक खांब जागेवर आला म्हणजे दुसरं सगळं जागेवर येतं असं थोडंच आहे.

यानंतरचं मी पाहिलेलं नाही, हौसानं सांगितलेलं आहे. माझ्या घरची हकिकत स्टँडवरच्या ड्रायव्हरांकडून आबांना कळली असावी. एका बाजाराच्या दिवशी ते एसटीनं कवठ्याला उतरले. खांद्यावर पोतं होतं. घर विचारत आले आणि अंगणात आप्पांसमोर उभे राहिले. आप्पा घोंगड्यावर बसले होते, त्यांनी बसा म्हटलं, आबा बसले नाहीत. पोत्यातून तो मोडका खांब काढून त्यांनी आप्पांच्या पुढ्यात टाकला.

‘माफी मागाया आलो न्हाई,’ ते म्हणाले. ‘नीट सांगाया आलोय. तुमच्या पोराचा हात माझ्या सांध्यानं मोडला. तुमी भलत्याची बायकू अडवून बसलाय.’

आप्पा असल्या बोलण्याला भिणारे नव्हते. जावयानंच तुम्हाला पढवून पाठवलं असेल, असं ते म्हणाले. त्यावर ‘मला धाडणारा आजून जन्मायचाय,’ असं आबांनी ऐकवलं, आणि वर, वाडवडलांनी एवढी मेंढरं राखली आणि तुम्हाला साधं लंगडं कशानं लंगडतं ते ओळखता येईना व्हय, असंही विचारलं. परक्याच्या अंगणात उभं राहून, ज्याच्या मुलाचा हात आपण घालवला त्या बापाशी बोलायची ही रीत. हौसा म्हणाली, तिला वाटलं आता आप्पा काठी घेतात. पण आबांनी खांबाची ती जळकी कड त्यांच्यापुढं धरली आणि बोटानं मोडून बघा म्हणाले. आप्पांनी चिमटीत धरून वाकवली. कडेचा पत्रा भाजलेल्या पापडासारखा मोडून आप्पांच्या हातात आला.

आबा पाणी न पिता परत गेले. दोन दिवसांनी आप्पा स्वतः हौसाला घेऊन शिरूरला आले. त्यांनीही माफी मागितली नाही, मीही बेलभंडाऱ्याचं काढलं नाही. जेवून निघताना मोटारीच्या खांबावर हात ठेवून ‘चांगला बसवलाय’ म्हणाले, तेवढंच.

ही गोष्ट दोन्ही तालुक्यांत पसरायला वेळ लागला नाही. आबांनी ज्यांना सारवणारे म्हटलं होतं त्या सगळ्यांची दिवाळी झाली. ‘आबाचा सांधा बैलानं मोडला’ अशी म्हणच पडली. गिऱ्हाइकं तुटली. मला बरं वाटायचं, उगीच साळसूदपणा कशाला करू. स्टँडवर कुणी विषय काढला की मीच तिखटमीठ लावून सांगायचो.

पण आबा शेडमध्ये तोंड लपवून बसले नाहीत. ते दौंडच्या रेल्वे फाटकात उभे राहू लागले. फाटक पडलं की झाडून सगळ्या मोटारी थांबतात. आबा एकेका मोटारीजवळ जात, आपण कुठल्या मोटारीत रेल्वेचा पत्रा घातलाय ते त्यांना पक्कं ठाऊक, आणि मालकाला म्हणत, ‘शेडवर आणा, कापायचं हाय.’ लोक शिव्या घालत. एकदा तर त्यांनी नवरदेवाच्या मोटारीचा दरवाजा उघडला, आतल्या करवल्यांना खाली उतरवलं आणि खांबावर बोट वाजवत बसले. फाटक उघडलं, मागं भोंग्यांचा गोंधळ, नवरदेवाचा मामा अंगावर धावून आला, त्यानं आबांना ढकलून दिलं. आबा उठले, धूळ झटकली आणि म्हणाले, ‘वरात झाली की आणा.’ मी मागच्याच मोटारीत होतो. मला हसू आलं आणि मग हसू येईनासं झालं. तो नवरदेव वरातीनंतर मोटार घेऊन आला, असं मागाहून कळलं. बाकीचेही एकेक करून येत गेले.

बाळूचा हात जुळला, पण खांद्याच्या वर जाईना. कडब्याची पेंढी गंजीवर टाकायची तर डाव्या हातानं. तो स्वभावानं गरीब, त्यानं कुणाला दोष दिला नाही. माझ्याबरोबर दौंडला आला की तो आबांकडं जायचाच, मी बाहेर मोटारीत थांबायचो. आबा हातातलं काम ठेवत आणि म्हणत, ‘वर करा.’ बाळू हात उचलायचा. तो खांद्याशी येऊन थांबला की आबा बघत आणि परत कामाला लागत. ना चौकशी, ना हळहळ. मी बाळूला म्हणायचो, कशाला जातोस त्या कसायाकडं? तो म्हणायचा, ‘दाजी, जाऊ दे की, त्यांस्नी बघायचं आसतं.’

त्या दशकाच्या अखेरीला आबांनी अंथरूण धरलं. निरोप बाळूला आला होता, मला नाही. मी नुसता पोचवायला गेलो आणि का कोण जाणे, त्या दिवशी बाहेर न थांबता दारापर्यंत गेलो. खोलीत माणूस ओळखू येत नव्हता, पण आवाज तोच होता. ‘वर करा.’

बाळूनं अंगावर शाल घेतली होती. त्यानं हात उचलला, आणि तो खांद्याच्या वर गेला, कानाच्या वर गेला, डोक्याच्या वर जाऊन ताठ उभा राहिला. बाळू हसत होता. ‘आबा, बघा, आता पार वर जातुया.’

आबांनी हातावरची नजर खाली शालीवर आणली. मग म्हणाले, ‘शालीखाली दुसऱ्या हाताचा टेकू हाय. काढा त्यो.’

बाळूचं हसू गेलं. त्यानं कोपराखालचा डावा हात काढला. उजवा हात खाली आला आणि नेहमीच्या जागी, खांद्याशी, थांबला. ‘हां,’ आबा म्हणाले, ‘एवढाच हाय. एवढाच दावायचा.’ आणि त्यांनी भिंतीकडं तोंड केलं.

बाहेर आल्यावर बाळू रडला. मला रडू आलं नाही, राग आला. मरणाऱ्या माणसाला कुणी गोड खोटं देत असेल तर त्यानं ते घ्यावं. आमच्यासाठी नाही, तर निदान त्या पोरासाठी तरी घ्यायला हवं होतं. एवढंही ज्याला जमलं नाही त्याला काय म्हणायचं? मी वाटभर त्यांना शिव्या देत मोटार हाकली. त्यांनी बसवलेल्या खांबाला माझी पाठ टेकलेली होती.

आबा गेल्याचं कळलं तेव्हा आम्ही दोघंही गेलो. मी त्यांना माफ केलं नव्हतं आणि त्यांनी माफी कधी मागितलीही नव्हती, पण घरी बसवेना. माणसं थोडी होती. तिरडी उचलताना बाळू पुढं झाला. मी त्याला म्हणालो, तुला नाही जमायचं, बाजूला हो. त्यानं ऐकलं नाही. त्यानं उजवा खांदा दिला आणि उजव्याच हातानं बांबू धरला. खांद्यापर्यंत हात पोचला की तेवढं जमतं. नदीपर्यंत त्यानं कुणाला खांदा बदलू दिला नाही.